चिठ्ठीवर कोणाचे नाव?
प्रागैतिहासिक सागरी सरीसृपांच्या अभ्यासकांची वाटचाल

इंग्लंडच्या उत्तर भागात डॉनकास्टर नावाचे एक शहर आहे. तेथील वस्तुसंग्रहालयात एका प्राण्याचा सांगाडा अनेक वर्षे पडून होता. लांब निमुळता जबडा, वल्ह्यासारखे पाय आणि खडकात रुतलेल्या फासळ्या असे त्याचे रूप होते. ही अस्सल जीवाश्माची प्लास्टरमधील प्रतिकृती आहे, असा तेथे सर्वांचा समज होता. नकलेचा अभ्यास कोण करणार? त्यामुळे त्याकडे कोणीही बारकाईने पाहिले नव्हते. २००८ मध्ये त्याच शहरातील अठरा वर्षांच्या डीन लोमॅक्स या तरुणाने तो सांगाडा निरखून पाहिला आणि ती नक्कल नसून अस्सल जीवाश्म असल्याचे ओळखले. पुढे सात वर्षांनी, २०१५ मध्ये, हा प्राणी विज्ञानाला तोवर अज्ञात असलेल्या जातीचा असल्याचे सिद्ध झाले.

या स्मरणिकेसाठी विज्ञानातील एखाद्या फारशा परिचित नसलेल्या व्यवसायाची ओळख करून द्यावी, असे आम्ही योजिले. तेव्हा डॉक्टर, अभियंता, अधिकारी या नेहमीच्या वाटा सोडून आम्ही पुराजीवशास्त्रज्ञाची वाट निवडली. या वाटेवरील दोन व्यक्तींच्या कार्यात सुमारे दोनशे वर्षांचे अंतर आहे. मेरी ॲनिंग यांचा जन्म १७९९ चा, तर डीन लोमॅक्स हे आज कार्यरत असलेले संशोधक. दोघांचाही विषय एकच : समुद्रात राहणारे प्राचीन सरीसृप. दोघांच्याही हाती आरंभी विद्यापीठाची पदवी नव्हती. परंतु एकीचे नाव तिच्याच शोधांवरून वगळले गेले आणि दुसऱ्याला ते मिळविता आले. हा फरक कशामुळे पडला, हे आमच्या मते या लेखातील खरे समजून घेण्यासारखे आहे.

हे प्राणी कोणते?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. इक्थिओसॉर, प्लेसिओसॉर आणि मोसासॉर हे सागरी सरीसृप डायनोसॉर नव्हेत. डायनोसॉर ज्या काळी जमिनीवर वावरत होते, त्याच काळी समुद्रात राहणारे हे वेगळे गट होते. त्यांचे पूर्वज जमिनीवरचे. त्या पूर्वजांचे वंशज पुन्हा पाण्यात उतरले आणि लक्षावधी वर्षांच्या क्रमाने त्यांचे शरीर पाण्याला साजेसे बनले. इक्थिओसॉर या नावाचा अर्थच ‘मत्स्य-सरडा’ असा आहे. बाह्य आकाराने तो आजच्या डॉल्फिनसारखा दिसे. पण डॉल्फिन सस्तन प्राणी आहे आणि इक्थिओसॉर सरीसृप होता. समान परिस्थितीत राहणाऱ्या, परस्परांशी निकटचे नाते नसलेल्या प्राण्यांना समान आकार कसा प्राप्त होतो, याचे हे उत्तम उदाहरण होय. इक्थिओसॉरला माशाप्रमाणे कल्ले नव्हते. श्वासासाठी त्याला पृष्ठभागावर यावे लागे. तो अंडी न घालता पिलांना जन्म देई. पोटात पिले असलेल्या माद्यांचे जीवाश्म सापडल्यामुळे ही गोष्ट निश्चित झाली आहे. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी हा गट उदयास आला आणि सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे डायनोसॉरांच्याही बऱ्याच आधी, नष्ट झाला.

लाईम रेजिसची मेरी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेट परगण्यात, लाईम रेजिस हे छोटे गाव आहे. तेथील समुद्रकड्यांचे चुनखडक व शेल हे जुरासिक काळातील आहेत. हिवाळी वादळांत कडे कोसळतात आणि त्यांतून जीवाश्म उघडे पडतात. वेळीच उचलले नाहीत तर लाटा ते फोडून टाकतात. म्हणून जीवाश्म गोळा करण्याचा हंगाम हाच जिवाला सर्वाधिक धोका असण्याचाही हंगाम असतो.

मेरी ॲनिंग यांचा जन्म याच गावी २१ मे १७९९ रोजी झाला. वडील सुतारकाम करीत आणि किनाऱ्यावर सापडलेले शंख-जीवाश्म पर्यटकांना विकून चार पैसे जोडीत. कुटुंब राज्याच्या अधिकृत चर्चपासून विभक्त झालेल्या पंथाचे होते. अशा लोकांना त्या काळी इंग्लंडमध्ये अनेक सार्वजनिक अधिकार नाकारलेले होते. ऑक्सफर्ड-केंब्रिजसारख्या विद्यापीठांची पदवीही त्यांना मिळत नसे. मेरी यांना अक्षरओळख झाली ती त्या पंथाच्या रविवारच्या शाळेत. १८१० मध्ये वडील वारले आणि मागे कर्ज ठेवून गेले. घर गावच्या धर्मादाय मदतीवर आले. जीवाश्म शोधणे ही मेरी यांची हौस नव्हती. ते पोटापाण्याचे साधन होते.

१८११ मध्ये त्यांचा भाऊ जोसेफ यास एक मोठी कवटी आढळली. पुढच्या वर्षी मेरी यांनी उरलेला सांगाडा शोधून काढला. त्या वेळी त्यांचे वय बारा-तेरा वर्षांचे होते. हा सांगाडा २३ पौंडांना विकला गेला आणि नंतर लंडनमध्ये लोकांपुढे मांडला गेला. १८१४ मध्ये एव्हरार्ड होम या प्रतिष्ठित शल्यचिकित्सकांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. १८२३ च्या अखेरीस मेरी यांनी प्लेसिओसॉरचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा उकरून काढला. त्याची मान इतकी लांब होती की, फ्रान्सचे थोर शास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांनी तो बनावट असल्याची शंका घेतली. जिऑलॉजिकल सोसायटीत चर्चा झाली, सांगाडा अस्सल ठरला आणि क्युव्हिए यांनीही आपले मत बदलले. १८२४ च्या फेब्रुवारीत विल्यम कॉनिबेअर यांनी सोसायटीपुढे त्या सांगाड्याचे सविस्तर वर्णन केले. त्या निवेदनात मेरी ॲनिंग यांचे नाव नव्हते.

मेरी केवळ दगड उचलून देणाऱ्या नव्हत्या. त्या शास्त्रीय निबंध मिळवून हाताने नकलून घेत, आजच्या माशांची चिरफाड करून जीवाश्मांशी तुलना करीत आणि सापडलेल्या हाडांची जुळणी स्वतः करीत. इक्थिओसॉरच्या पोटाच्या भागात आढळणारे विचित्र गोटे फोडले असता आत माशांची हाडे व खवले दिसतात, हे त्यांनी हेरले होते. ती अश्मीभूत विष्ठा होती. विल्यम बकलंड यांनी त्यावर निबंध लिहिला. त्यात मात्र मेरी यांच्या निरीक्षणांचा उल्लेख आहे. विद्वानांतही न्यायबुद्धी असलेली माणसे होती, हे आम्ही मुद्दाम नोंदवितो. भूवैज्ञानिक हेन्री डी ला बेश यांनी १८३० मध्ये मेरी यांच्या शोधांवर आधारलेले प्राचीन समुद्राचे चित्र काढले आणि त्याच्या छापील प्रतींच्या विक्रीतून आलेला पैसा मेरी यांना दिला. लुई आगासी यांनी दोन जीवाश्म माशांना त्यांचे नाव दिले.

पण या वैयक्तिक सद्भावनेने नियम बदलला नाही. जिऑलॉजिकल सोसायटीचे सदस्यत्व स्त्रियांना खुले नव्हते. ते १९१९ मध्ये झाले. सांगाडा विकला गेला की चिठ्ठीवर विकत घेणाऱ्याचे किंवा दान देणाऱ्याचे नाव लागे. वर्णन छापले गेले की त्यावर वर्णन करणाऱ्याचे नाव येई. ज्या हातांनी तो कड्यातून सोडविला, त्या हातांचा उल्लेख दोन्ही ठिकाणी नसे. १८३३ मध्ये अशाच एका दरड कोसळण्याच्या प्रसंगी मेरी यांचा सोबती कुत्रा त्यांच्या समोर गाडला गेला. त्या थोडक्यात बचावल्या. ९ मार्च १८४७ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यानंतर डी ला बेश यांनी सोसायटीच्या अध्यक्षपदावरून त्यांना श्रद्धांजली वाहिली. ज्या सभागृहाने त्यांना हयातीत सदस्य करून घेतले नाही, त्याच सभागृहात त्यांचे गुणगान झाले.

डॉनकास्टरचा तरुण

आता लोमॅक्स यांच्याकडे वळू. विद्यापीठाच्या नेहमीच्या मार्गाने त्यांचा या क्षेत्रात प्रवेश झाला नाही. लहानपणापासून जपलेला ‘स्टार वॉर्स’ खेळण्यांचा संग्रह व अन्य वस्तू विकून त्यांनी पैसे उभे केले आणि ते अमेरिकेतील वायोमिंग राज्यात एका डायनोसॉर केंद्रावर उत्खननाचा अनुभव घेण्यास गेले. डॉनकास्टरच्या संग्रहालयातील तो ‘नकली’ सांगाडा त्यांना दिसला तोही याच सुमारास.

अस्सल जीवाश्म ओळखणे ही पहिली पायरी. ती नवी जात आहे हे सिद्ध करणे ही त्याहून पुष्कळ कठीण. एका सांगाड्याचे हाड इतरांहून वेगळे दिसले, तर तो फरक वयाचा, लिंगाचा, आजाराचा किंवा खडकाच्या दाबाचाही असू शकतो. या शंका दूर करण्यासाठी लोमॅक्स आणि अमेरिकेतील अनुभवी संशोधक ज्यूडी मॅसारे यांनी निरनिराळ्या संग्रहालयांतील हजाराहून अधिक इक्थिओसॉर नमुने तपासले. दंडाच्या व मांडीच्या हाडांची विशिष्ट ठेवण डॉनकास्टरच्या सांगाड्याप्रमाणेच आणखी मोजक्या नमुन्यांतही आढळली. मगच २०१५ मध्ये त्यांनी नवी जात जाहीर केली. हा प्राणी सुमारे १८ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीचा. त्याच्या पोटात माखल्यांसारख्या प्राण्यांच्या भुजांवरील बारीक आकडे सापडले. म्हणजे त्याचे अखेरचे भोजनही कळले.

जातीला नाव देण्याचा अधिकार आता लोमॅक्स व मॅसारे यांच्याकडे होता. त्यांनी नाव ठेवले इक्थिओसॉरस ॲनिंगी. मेरी ॲनिंग यांच्या पहिल्या शोधानंतर दोन शतकांनी त्यांचे नाव अशा एका प्राण्याशी जोडले गेले.

नकलेचे मोल

याच दोघा संशोधकांची दुसरी कथा पहिलीच्या अगदी उलट आहे. मेरी यांनी १८१८ मध्ये एक इक्थिओसॉर शोधला होता. तोवर ज्ञात झालेला हा पहिला संपूर्ण इक्थिओसॉर सांगाडा. एका उदार संग्राहकाने तो विकत घेतला होता. ॲनिंग कुटुंबाची हलाखी पाहून त्याने १८२० मध्ये आपला संग्रह लिलावात काढला आणि त्यातून आलेले सुमारे ४०० पौंड त्या कुटुंबास दिले. हा सांगाडा लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सकडे गेला. १९४१ च्या मे महिन्यात जर्मन विमानांच्या बॉम्बवर्षावात तो नष्ट झाला. मागे उरले ते केवळ १८१९ मध्ये छापलेले एक रेखाचित्र.

लोमॅक्स व मॅसारे यांना अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या पीबॉडी संग्रहालयात एक प्लास्टरची प्रतिकृती आढळली आणि पुढे बर्लिनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात दुसरी. रेखाचित्राशी हाडान्‌हाड ताडून पाहता दोन्ही त्याच नष्ट झालेल्या सांगाड्याच्या प्रतिकृती असल्याचे निश्चित झाले. २०२२ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. डॉनकास्टरमध्ये अस्सल वस्तूला नक्कल समजून बाजूला ठेवले गेले होते. येथे मात्र नक्कल हाच अस्सलाचा एकमेव विश्वसनीय साक्षीदार ठरला. दोन्ही ठिकाणी वस्तू समोरच होती. तिच्यावरील चिठ्ठीने मात्र पाहणाऱ्याला दिशा दिली नव्हती, किंवा चुकीची दिली होती. संग्रहालयातील नोंदवहीत स्थळ, तारीख व शोधणाऱ्याचे नाव नीट लिहिणे ही कारकुनी नव्हे. तो विज्ञानाचाच भाग आहे.

एकट्याचे काम नव्हे

२०२१ च्या जानेवारीत इंग्लंडमधील रटलंड वॉटर या राखीव क्षेत्रातील तळ्याचे पाणी उतरविले असता, तेथे काम करणाऱ्या जो डेव्हिस यांना चिखलात मणक्यांची रांग दिसली. त्यांनी ती नजरेआड न करता कळविली. लोमॅक्स यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले आणि सुमारे १० मीटर लांबीचा, १८ कोटी वर्षांपूर्वीचा इक्थिओसॉर वर आला. एकट्या कवटीचा खडकासह गठ्ठा सुमारे एक टनाचा होता. प्लास्टरचे आवरण चढवून, लाकडाच्या आधाराने तो हलवावा लागला. या कामात जीवाश्म साफ करणारे कारागीर, भूवैज्ञानिक आणि स्वयंसेवक या सर्वांचा वाटा होता.

त्याआधी २०२० मध्ये सॉमरसेटच्या किनाऱ्यावर अकरा वर्षांच्या रुबी रेनॉल्ड्स या मुलीला आणि तिच्या वडिलांना एका प्रचंड जबड्याच्या हाडाचे तुकडे मिळाले. तशाच प्रकारचे हाड पॉल डी ला साल या हौशी संग्राहकाला २०१६ मध्ये जवळच्याच किनाऱ्यावर मिळाले होते. दोन्ही नमुने ताडून २०२४ मध्ये इक्थिओटायटन सेव्हर्नेन्सिस या नव्या प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. जबड्याचे ते एकच हाड दोन मीटरहून लांब आहे. त्यावरून प्राण्याची लांबी सुमारे २५ मीटर असावी, असा संशोधकांचा अंदाज आहे. आजच्या निळ्या देवमाशाच्या जवळ जाणारा हा आकार. तो सुमारे २० कोटी २० लाख वर्षांपूर्वी होऊन गेला.

आमच्या दृष्टीने त्या शोधनिबंधातील सर्वांत महत्त्वाची ओळ त्याच्या शीर्षकाखाली आहे. लोमॅक्स यांच्या नावाबरोबर तेथे पॉल डी ला साल, रुबी आणि तिचे वडील यांचीही नावे लेखक म्हणून छापलेली आहेत. १८२४ मध्ये लाईम रेजिसच्या शोधकर्तीला जे मिळाले नाही, ते २०२४ मध्ये सॉमरसेटच्या मुलीला मिळाले. ही केवळ काळाची कृपा नव्हे. नियम बदलावे लागले, दारे उघडावी लागली, आणि आत गेलेल्यांनी बाहेर उभ्या असलेल्यांची नावे लिहिण्याचा निर्णय घ्यावा लागला.

पालकांसाठी व विद्यार्थ्यांसाठी

ही कथा वाचून कोणी असा अर्थ काढू नये की, शिक्षणाविना शास्त्रज्ञ होता येते. लोमॅक्स यांनी पुढे मँचेस्टर विद्यापीठातून संशोधनाची पदवी आणि पीएच.डी. मिळविली. दार उशिरा उघडले, तरी ते दारातून आत गेले. मेरी ॲनिंग यांच्याजवळ बुद्धी होती, हात होते, धैर्य होते. नव्हता तो प्रवेश. त्यांच्या गरिबीचे कौतुक करणे म्हणजे त्यांच्यावरील अन्यायाला शोभा आणणे होय. पहिल्या पिढीने शाळेची पायरी चढलेल्या घरांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

आपल्या महाराष्ट्राचा मोठा भाग ज्या काळ्या पाषाणावर उभा आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींच्या लाव्हाचा आहे. त्यात सागरी सरीसृप सापडण्याची आशा नाही. परंतु गुजरातमधील कच्छमध्ये जुरासिक काळातील सागरी खडक आहेत. तेथील लोडाई गावाजवळ मिळालेल्या, सुमारे साडेपाच मीटर लांबीच्या इक्थिओसॉरचे वर्णन गुंटुपल्ली प्रसाद व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. जुरासिक काळातील भारतातील हा पहिला इक्थिओसॉर. शिवाय चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे मेरी यांनी ओळखली तशीच अश्मीभूत विष्ठा विपुल आढळते. ती मात्र जमिनीवरील प्राण्यांची. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद व सहकाऱ्यांनी तिच्यात गवताचे सूक्ष्म अवशेष शोधले आणि डायनोसॉरांच्या काळीही गवत होते, हे २००५ मध्ये जगाला दाखवून दिले.

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्यांनी बारावी विज्ञान शाखेतून करून पुढे भूविज्ञान किंवा प्राणिशास्त्र घ्यावे. पुणे व नागपूर येथे भूविज्ञानाच्या उच्च शिक्षणाची सोय आहे. पदव्युत्तर पदवीनंतर केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात प्रवेश मिळतो. संशोधनाकडे ओढा असेल तर बिरबल साहनी संस्था व विद्यापीठे आहेत. नोकऱ्या मोजक्या आहेत आणि वाट लांब आहे, हे पालकांनी आधीच जाणून घ्यावे. चित्रकलेचा हात, हाडांची रचना ओळखणारी नजर आणि रोजच्या रोज टिपण ठेवण्याची शिस्त, या तीन गोष्टी मात्र शाळेतच सुरू करता येतात आणि त्यांना शुल्क पडत नाही.

विद्यार्थ्यांस आमचे सांगणे इतकेच : नदीकाठी, विहिरीच्या खोदकामात किंवा रस्त्याच्या कापात वेगळा दगड दिसला, तर तो घाईने उपटून आणू नका. तो जसा आहे तसे त्याचे चित्र काढा, जागा व तारीख लिहा, शिक्षकांना दाखवा. आणि त्या कागदावर, ज्याने तो प्रथम पाहिला त्याचे नाव लिहिण्यास विसरू नका, मग तो मजूर असो, गुराखी असो वा वर्गातील सर्वांत शांत मुलगी असो.